मिठादरचा दवाखाना आणि आपले अनुकंपा खाते

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात ‘दानधर्म’ या विषयावर केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी दानधर्म या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा मला झाली आहे. दानधर्मावर बोलायचे तर आपल्या इतिहासात उदाहरणांना तोटा नाही. जगडूशाह आहेत, भामाशाह आहेत. त्यांच्या कथा आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत आणि आजही येथे त्यांचे स्मरण झालेच आहे. मी मात्र आज एका मुस्लिम गृहस्थाविषयी बोलणार आहे. काहींच्या भुवया उंचावल्या असतील, तरी थोडा धीर धरावा. विषय अखेरीस आपल्याच दवाखान्यापाशी येणार आहे.

अब्दुल सत्तार ईधी हे नाव वृत्तपत्रांतून आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. त्यांचा जन्म १९२८ साली काठियावाडातील बांटवा या गावी मेमन समाजात झाला. बांटवा जुनागढ परिसरातले गाव, म्हणजे आपल्या गिरनारपासून फार दूर नाही. प्रभू नेमिनाथांनी ज्या भूमीत पशूंचा आक्रोश ऐकून वरातीचा रथ मागे वळविला, त्याच सोरठच्या भूमीत हा मुलगा वाढला. मेमन हा व्यापारी समाज. घरची भाषा मेमणी, व्यवहार गुजरातीत, पेढी, वही, उधारी, हुंडी हे सारे आपल्यासारखेच. असे सांगतात, की त्यांची आई त्यांना शाळेत जाताना रोज दोन पैसे देई. एक स्वतःच्या खाऊसाठी आणि दुसरा एखाद्या गरजूसाठी. मुलगा परतल्यावर दुसऱ्या पैशाचा हिशेब ती विचारीत असे. पुढे तीच आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली आणि कोवळ्या वयातील या मुलाने तिचे न्हाणे, खाणे, कपडे बदलणे सारे केले. रुग्णसेवेचे त्यांचे शिक्षण एवढेच.

१९४७ साली फाळणी झाली आणि हे कुटुंब कराचीस गेले. तेथे तरुण ईधींनी प्रथम फेरी केली, किरकोळ वस्तू विकल्या आणि नंतर घाऊक बाजारात कापडाच्या दलालीस सुरुवात केली. कापडाच्या दलालाचे जीवन काय असते, हे मी या सभेत निराळे सांगावयास नको. सकाळी एका पेढीवर, दुपारी दुसऱ्या, मीटरमागे मिळणारा थोडा पैसा आणि त्यासाठी दिवसभराची पायपीट. ज्या माणसाने हे केले आहे, त्याला पैशाची किंमत कोणी शिकवावी लागत नाही.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा विषय निवडला, तो सांगतो. कराचीच्या जुन्या कोटाला दोन वेशी होत्या. खाऱ्या पाण्याच्या बाजूची ती खारादर आणि गोड्या पाण्याच्या बाजूची ती मिठादर. या मिठादर वस्तीत बांटव्याहून आलेल्या मेमन मंडळींनी आपल्या समाजासाठी धर्मादाय दवाखाना चालविला होता. निर्वासित होऊन आलेल्या समाजाने प्रथम आपल्या माणसांची सोय पाहावी, यात वावगे काही नव्हते. ईधी तेथे हौसेने काम करू लागले. थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आले, की मेमन नसलेला रुग्ण तेथून परत पाठविला जातो. त्यांनी हा प्रश्न सभेत उभा केला. वडीलधाऱ्यांना राग आला, वाद वाढला आणि ईधी तेथून बाहेर पडले. १९५१ साली साठविलेल्या पैशांतून त्यांनी त्याच वस्तीत एक लहानशी जागा घेतली आणि कोणासही औषध मिळेल असा स्वतःचा दवाखाना सुरू केला. एका डॉक्टरांनी त्यांना प्राथमिक उपचार शिकविले. रात्री कोणी आले तर माणूस सापडावा, म्हणून ते दवाखान्याबाहेरच्या बाकावर झोपत.

बंधूंनो, त्या वडीलधाऱ्यांना मी दोष देणार नाही. त्यांचे म्हणणेही ऐकण्यासारखे होते. पैसा मर्यादित आहे, देणगीदारांनी तो आपल्या समाजासाठी दिला आहे, तो दुसरीकडे वळविणे हा विश्वासभंग ठरेल, असा तो युक्तिवाद. आपल्या विश्वस्त मंडळाच्या बैठकीत गेल्या दोन वर्षांत हेच शब्द, जवळपास याच क्रमाने, मी ऐकले आहेत. त्याकडे नंतर येतो.

१९५७ साली कराचीत इन्फ्लुएन्झाची मोठी साथ आली. ईधींनी तंबू ठोकले, वैद्यकीय विद्यार्थ्यांना मदतीस बोलाविले आणि मोफत औषधे वाटली. ते काम पाहून एका मेमन व्यापाऱ्याने मोठी देणगी दिली. ज्या समाजाशी मतभेद झाले, त्याच समाजातून पहिली भरघोस मदत आली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्या पैशातून ईधींनी एक जुनी गाडी घेतली आणि तिच्यावर ‘गरिबाची गाडी’ अशा अर्थाचे शब्द रंगविले. ते स्वतः ती चालवीत. अपघातातील जखमी उचलावेत, अडलेल्या बाईला दवाखान्यात पोहोचवावे, समुद्रातून, गटारातून बेवारस प्रेते काढावीत. ज्या प्रेताला कोणी हात लावीत नसे, त्याला ते स्वतः स्नान घालीत आणि कफन पांघरीत. मी चाळीस वर्षे कापड मोजले. बेवारस प्रेतासाठी कोणी माझ्याकडे मांजरपाट मागितल्याचे मला आठवत नाही. ईधी फाउंडेशनने असे कफन हजारोंना दिले.

त्या एका गाडीपासून पुढे रुग्णवाहिकांचा केवढा ताफा झाला, हे जगजाहीर आहे. गिनीज बुकानेही जगातील सर्वांत मोठी स्वयंसेवी रुग्णवाहिका सेवा म्हणून त्याची नोंद घेतली. त्या जोडीला अनाथाश्रम, वृद्धाश्रम, मनोरुग्णांची घरे, प्रसूतिगृहे आणि रस्त्यावरच्या जखमी जनावरांसाठी निवारा अशी कामे उभी राहिली. जनावरांच्या निवाऱ्याचा उल्लेख पांजरपोळ चालविणाऱ्या या सभेत मुद्दाम करतो.

त्यांच्या पत्नी बिल्किस या त्याच दवाखान्यात परिचारिकेचे शिक्षण घेत होत्या. ईधी केंद्रांच्या बाहेर जे पाळणे टांगलेले असतात, ते त्यांच्या देखरेखीखाली होते. नको असलेले मूल मारू नका, पाळण्यात ठेवा, कोणी काही विचारणार नाही, एवढाच मजकूर तेथे लिहिलेला. हजारो बालके अशी वाचली आणि निपुत्रिकांच्या घरी गेली. काही मौलवींनी यावर कडाडून टीका केली. हे पाळणे अनीतीला उत्तेजन देतात, असे म्हटले. ईधींना धर्मबाह्यही ठरविले. पाळणे मात्र हलले नाहीत. माझ्या मते या दांपत्याच्या सर्व कामांत हे काम सर्वांत मोठे. आपण ज्याला अभयदान म्हणतो, ते याहून निराळे काय असणार?

पैशाच्या बाबतीत त्यांची रीत कडक होती. सरकारी अनुदान घ्यावयाचे नाही. जनरल झिया-उल-हक यांचा धनादेशही त्यांनी परत केला. निधी हवा असेल तेव्हा ते स्वतः रस्त्याच्या कडेला झोळी घेऊन बसत आणि लोक गाड्या थांबवून पैसे टाकीत. स्वतःच्या अंगावर जाडेभरडे कपडे, तेही दोनच जोड. १९८६ साली पती-पत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तरी राहणे मिठादरच्या त्याच कार्यालयाशेजारच्या खोलीत.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. पाकिस्तानातील बहुतेक धर्मादाय संस्थांप्रमाणे ईधी फाउंडेशनच्या उत्पन्नातही बकरी ईदच्या कातड्यांच्या विक्रीचा भाग असे. अहिंसेचे व्रत घेतलेल्या आपल्याला ते मान्य होणे शक्य नाही आणि मी ते मान्य करा असे म्हणतही नाही. आपल्या पैशाचा मार्ग वेगळा आहे आणि वेगळाच राहील. मी बोलतो आहे ते पैसा कोठून आला याविषयी नसून, दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला काय विचारले जाते याविषयी.

आपल्या महाराष्ट्राचा या संस्थेशी एक हृद्य संबंध आहे. गीता नावाची मूकबधिर मुलगी लहानपणी रेल्वेतून सीमेपलीकडे गेली आणि ईधींच्या आश्रयास आली. ती हात जोडते, पाया पडते, हे पाहून बिल्किसबाईंनी ओळखले, की मुलगी हिंदू आहे. त्यांनीच तिला गीता हे नाव दिले, तिच्यासाठी देवांच्या तसबिरी आणून पूजेची जागा करून दिली. २६ ऑक्टोबर २०१५ रोजी ती भारतात परतली. आपल्या पंतप्रधानांनी कृतज्ञतापूर्वक १ कोटी रुपयांची देणगी जाहीर केली आणि ईधींनी ती आपल्या नियमानुसार नम्रपणे नाकारली. पुढे २०२१ साली गीताची आई सापडल्याचे वृत्त आले, ते आपल्या मराठवाड्यातून! त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्याकडे कोरोनाने थैमान घातले असताना, ईधींचे पुत्र फैसल यांनी ५० रुग्णवाहिका आणि स्वयंसेवक पाठविण्याची तयारी पत्राने कळविली होती.

८ जुलै २०१६ रोजी ईधी गेले. परदेशी उपचाराचे आमंत्रण त्यांनी नाकारले होते. जाताना डोळे देऊन गेले आणि दोघांना दृष्टी मिळाली. बिल्किसबाई २०२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. ईधींच्या मागे देणग्या घटल्या, असे त्यांच्या पुत्राने जाहीरपणे सांगितले. एका व्यक्तीच्या पुण्याईवर उभ्या असलेल्या संस्थेचे हे दुखणे आहे आणि पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या ट्रस्टने त्याचाही विचार करावा.

आता आपल्याकडे वळतो. आपला दवाखाना सुरू झाला तेव्हा या पेठेत दर दुसरे घर आपल्या बांधवांचे होते. आज आपली बहुतेक कुटुंबे कॉलन्यांत राहावयास गेली. दवाखान्याभोवती आता हमाल, शिवणकाम करणारे कारागीर आणि धुणीभांडी करणाऱ्या भगिनी राहतात. त्यांत सर्व धर्मांचे लोक आहेत. केसपेपरच्या वहीची निम्मी पाने कोरी, डॉक्टर बसून आणि शेजारच्या बोळात तापाने फणफणलेले मूल. नियम क्रमांक चार म्हणतो, की सवलतीचा लाभ ‘समाजातील गरजूंना’ मिळेल. ‘समाज’ या शब्दाचा अर्थ आपण आजवर एकच लावला.

विरोध करणाऱ्यांचा मुद्दा मी मघाच सांगितला. साधर्मिक भक्तीसाठी दिलेला पैसा त्याच कामी जावा. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, हा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. खात्याचा पैसा खात्यात. मुस्लिम धर्मशास्त्रातही जकात आणि सदका असा भेद आहे. बचतीच्या अडीच टक्के जकात ठरलेल्या पात्र लोकांनाच द्यावयाची, असे त्यांचे परंपरागत मत. सदका मात्र कोणासही देता येतो. आपल्या आचार्यांनी तर हे किती सुंदर मांडले आहे! सुपात्रदानात पात्र पाहावे, अनुकंपादानात पात्र पाहू नये, केवळ दुःख पाहावे. देवद्रव्य, साधारण, जीवदया यांच्यासोबत अनुकंपा हे स्वतंत्र खाते आपल्या संस्थांत पूर्वापार आहे. आपल्या ट्रस्ट डीडमध्येही ‘अनुकंपा’ हा शब्द आहे. संस्थापकांनी तो पन्नास वर्षांपूर्वी घातला आणि आपण ते खातेच उघडले नाही.

कोणी म्हणेल, ही परक्यांची रीत आपल्यात कशाला? कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मले. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीला बसविली. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्यास आणली, तेव्हा कोणाची जात विचारली नाही. रीत आपलीच आहे.

तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेपुढे माझी सूचना अशी आहे. साधर्मिक निधीतील एक रुपयाही हलवू नये. अनुकंपा खात्यासाठी निराळे पावतीपुस्तक छापावे, निराळी वही ठेवावी, लेखापरीक्षणात ती स्वतंत्र दाखवावी. जो या खात्यात देईल, त्याच्याच पैशातून बाहेरच्या रुग्णांची औषधे यावीत. डॉक्टरांचा वेळ रिकामाच जातो आहे, त्याचा वाढीव खर्च नाही. नियम क्रमांक चारमध्ये दुरुस्ती करावी आणि एक वर्षाने जमाखर्च सभेपुढे ठेवून पुढचा निर्णय घ्यावा. खाते तोट्यात गेले, तर बंद करण्याचा ठराव मीच मांडीन. पहिली पावती माझ्या नावे फाडावी, अशी विनंती मी कोषाध्यक्षांना केलेली आहे.

सभेची नोटीस कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावलेली आहे. ज्यांना ही सूचना पटलेली नाही, त्यांनी तर अवश्य यावे आणि बोलावे. मिठादरच्या त्या सभेत दोन्ही बाजूंनी शांतपणे बोलणे झाले असते, तर ईधींना कदाचित बाकावर झोपावे लागले नसते.