मॅच बघून आलेला जोश चौथ्या दिवशी कुठं जातो?

कुणी बसमध्ये ऐकत असाल, कुणी लातूरच्या हॉस्टेलवर जेवण झाल्यावर, कुणी नांदेडला ग्राउंडवरून घरी जाता जाता. आज बोलायचंय एका अशा गोष्टीवर, जी आपल्या सगळ्यांच्या बाबतीत होते. मोठी स्पर्धा असली, ऑलिंपिक असो नाहीतर महाराष्ट्र केसरीची फायनल, की आपण रात्री बघतो, अंगावर काटा येतो आणि ठरवतो, "उद्यापासून पाच वाजता उठायचं." पहिल्या दिवशी उठतो. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं तरी उठतो. तिसऱ्या दिवशी अलार्म बंद करतो. आणि चौथ्या दिवशी काय, तर आपल्या भाषेत, "उठू वाटंना गेलंय."

मी नांदेडचा. कामासाठी लातूरला येणं-जाणं सारखं असतं. दोन्हीकडं सकाळी मैदानावर मला दोन प्रकारची पोरं-पोरी दिसतात. एक, पोलीस भरतीवाली. दुसरी, अशीच आलेली. भरतीवाल्यांचा जोश टिकतो, कारण त्यांच्यासमोर तारीख आहे, वय निघून चाललंय आणि मैदानी चाचणीचे ५० मार्क आहेत. पण हे मार्क नसलेल्या पोरांचं काय? ट्युशन एरियात दिवसाला दहा-बारा तास खुर्चीत बसणाऱ्या नीटवाल्यांचं काय? दोन वर्षं असं बसल्यावर पाठ, झोप, पोट सगळं बोलायला लागतं. त्यांना व्यायाम लागतोच, पण त्यांच्यामागं कुणी शिट्टी घेऊन उभं नसतं. म्हणून त्यांच्यासाठी हा प्रश्न खरा आहे: मोठ्या खेळाडूला बघून आलेली ऊर्जा टिकवायची कशी?

माझं म्हणणं सरळ आहे. बघण्यात चूक काही नाही. आपण कुणाला बघतो आणि त्याच्यातलं काय बघतो, तिथं गडबड आहे.

आधी कुणाला बघायचं ते पाहू. अल्बर्ट बंडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली एक गोष्ट मांडली. "हे मला जमेल" हा विश्वास माणसात येतो कुठून? सगळ्यात पक्का विश्वास येतो स्वतः करून बघितल्यावर. त्याच्या खालोखाल, दुसऱ्याला करताना बघून. पण त्यात एक अट आहे. तो दुसरा माणूस आपल्याला आपल्यासारखा वाटला पाहिजे. आता कुणी परदेशातला, सहा फूट चार इंच, चार कोच आणि स्वतःचा आचारी असलेला खेळाडू बघून टाळ्या वाजवता येतात. पण मन आतून म्हणतं, "तो तो आहे, आपण आपण."

म्हणून आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला बघा. भाग्यश्री जाधव. नांदेड जिल्हा, मुखेड तालुका, गाव होनवडज. भाग्यश्रीताईंना तरुणपणी अपंगत्व आलं. त्या व्हीलचेअर वापरतात आणि गोळाफेक करतात. २८ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस पॅरालिंपिकच्या उद्घाटनात भारताचा तिरंगा दोघांच्या हातात होता. एक भालाफेकपटू सुमित अंतिल आणि दुसऱ्या आपल्या भाग्यश्रीताई. मुखेड तालुक्यातली बाई पॅरिसमध्ये देशाच्या पुढं चालते. हा व्हिडिओ आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या स्टेटसला होता.

पण मला त्या झेंड्यापेक्षा तीन आकडे जास्त आवडतात. लिहून घ्या. २०२१, टोकियो: ७.०० मीटर, सातवा नंबर. मे २०२४, जपानमधल्या कोबेची जागतिक स्पर्धा: ७.५६ मीटर, रौप्यपदक. सप्टेंबर २०२४, पॅरिस: ७.२८ मीटर, पाचवा नंबर.

आता बघा, टोकियो ते कोबे, जवळपास तीन वर्षं, आणि वाढ किती? ५६ सेंटिमीटर. म्हणजे दोन फूटसुद्धा नाही! आणि त्यानंतर चार महिन्यांत, सगळ्यात मोठ्या दिवशी, फेक २८ सेंटिमीटरनं कमी पडली. ज्या बाईनं देशाचा झेंडा धरला, तिचा आलेखसुद्धा सरळ वर जात नाही. आणि आपण दहा दिवसांत पोट कमी झालं नाही म्हणून जिम सोडतो!

काय बघायचं, ते इथंच आहे. मेडल बघू नका, दोन स्पर्धांच्या मधली वर्षं बघा. बसून गोळा फेकायचा म्हणजे काय, याचा विचार करा. खेळाडू एका बैठकीवर पट्ट्यांनी बांधून बसतो आणि ती बैठक जमिनीला पक्की केलेली असते. पायाचा जोर नाही, मागून सरकत येऊन गती घेणं नाही. जे काही आहे ते खांदा, हात आणि धड. भरतीची गोळाफेक करणाऱ्या पोरांना विचारा. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा. पायातला जोर नीट नाही लागला तर फेक कशी मरते, ते त्यांना चांगलं माहितेय. मग पाय न वापरता एकेक सेंटिमीटर कमवायला किती सकाळी लागल्या असतील, ते समजतं.

दुसरं उदाहरण शेजारच्या बीडचं. अविनाश साबळे, आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव. २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ११.२० सेकंदांत, रौप्यपदक. सुवर्ण फक्त ०.०५ सेकंदानं गेलं. ही शर्यत टीव्हीवर बघताना सोपी वाटते, सगळेच पळतायत ना! म्हणून हिशेब करून बघा. त्या वेगानं १६०० मीटर होतात साधारण ४ मिनिटं २२ सेकंदांत. भरतीची मुलं १६०० मीटर मारतात आणि आडवी होतात. साबळे त्याच्या जवळपास दुप्पट अंतर पळतात, वाटेत तीन फुटी अडथळ्यांवरून २८ उड्या आणि पाण्यावरून ७. उद्या सकाळी मैदानाची एक फेरी मोबाईलवर वेळ लावून मारा, मग ती शर्यत परत बघा. वेगळीच दिसेल. आपलं अंग थोडं झिजलं की दुसऱ्याचा खेळ कळायला लागतो, आणि खेळ कळला की अंग हलवावंसं वाटतं.

तिसरी गोष्ट लातूरची, आणि ती कुस्तीशिवाय कशी होणार? निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ चे महाराष्ट्र केसरी. पुढं ते पुण्याला वस्ताद झाले. त्यांच्या परंपरेतले काका पवार, तेही लातूर जिल्ह्यातले, अर्जुन पुरस्कार मिळालेले. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्र केसरीची फायनल होती हर्षवर्धन सदगीर विरुद्ध आपला लातूरचा शैलेश शेळके. दोघंही काका पवारांच्याच तालमीतले! सदगीर ३-२ नं जिंकले आणि त्यांनी काय केलं? हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. तो फोटो महाराष्ट्रभर फिरला.

लोकांनी त्याला खिलाडूवृत्ती म्हटलं, बरोबरच आहे. पण मला त्यात अजून एक दिसतं. हे दोघं रोज एकाच मातीत, एकाच मॅटवर. आपल्याला दमवणारा, आपली वाट बघणारा माणूस रोज समोर असणं, तालमीत हाच अर्धा व्यायाम असतो. पैलवान एकटा तयार होत नाही, त्याला जोड लागते. आपण मात्र मोबाईलवर एकटे बघतो, एकटे ठरवतो आणि एकटेच सोडून देतो. चौथ्या दिवशी जोश जातो, कारण त्या दिवशी खाली उभं राहून हाक मारणारं कुणी नसतं.

मग करायचं काय? चार गोष्टी सांगतो, साध्या.

एक: मॅच किंवा शर्यत बघितली की त्याच दिवशी दहा मिनिटं काहीतरी करा. उद्या पाच वाजता नाही, आज. जोर मारा, बैठका काढा, जिना चढा. हॉस्टेलची खोली लहान असली तरी वीस बैठकांना जागा पुरते.

दोन: एक जोड शोधा. रूममेट, बहीण, शेजारचा, कुणीही. जोडीदार तुमच्यापेक्षा थोडाच पुढं असला तर उत्तम. वेळ आणि जागा पक्की करा: "सहा वाजता, गेटसमोर." व्हॉट्सॲप ग्रुप नको, माणूस हवा.

तीन: मोठ्या खेळाडूची सवय उचला, त्याचं वजन उचलू नका. रीलमध्ये कुणी दोनशे किलो उचलतो म्हणून आपण पहिल्याच आठवड्यात कंबर मोडून घ्यायची नाही. आणि एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडचं ऊन माहितेय ना? सात वाजायच्या आत आटपा, पाणी प्या. दमा, हृदयाचा त्रास, जुनी दुखापत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

चार: एक वही ठेवा आणि त्यात एकच आकडा लिहा. किती मिनिटं चाललो, किती जोर मारले, काहीही. आकडा कमी आला तरी लिहायचा. ७.५६ नंतर ७.२८ पण लिहावंच लागतं.

ताईंच्या आणि साबळेंच्या स्पर्धा बघताना टाळ्या वाजवा, जरूर वाजवा. फक्त टाळ्या वाजवून झाल्या की चप्पल काढा, बूट घाला. बूट नसतील तर अनवाणी बैठका मारा.

या आठवड्याचं काम एवढंच: तुमची जोड कोण, ते शोधा आणि हा एपिसोड त्या एकाच माणसाला पाठवा. सगळ्यांना फॉरवर्ड करू नका, एकालाच. आणि खाली लिहा, "उद्या सहाला, गेटसमोर."

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि हो, अलार्म लावलाय ना?