गुलाबी हात

परवां माझ्या नातवानें मला घरींच एक हिंदी बोलपट दाखविला. नांव ‘गब्बर इज बॅक’. 2015 सालीं महाराष्ट्रदिनीं तो प्रथम झळकला. मूळ कथानक 2002 च्या ‘रमणा’ या तमिळ बोलपटाचें. त्यांतला नायक कॉलेजांतला अध्यापक आहे. जुन्या विद्यार्थ्यांच्या साह्यानें तो महाराष्ट्रांतले दहा तहसीलदार पळवितो आणि त्यांत जो सर्वांत लाचखाऊ ठरतो त्याला फांशी देतो. पुढें एका रुग्णालयांत तो चक्क एक प्रेत नेतो, तर तेथील डॉक्टर त्यावरही ‘उपचार’ चालू ठेवून बिल वाढवीत राहतात.

शिक्षकाच्या हातीं दोर पाहून मला, खरें सांगतों, आनंदच झाला. आम्हां मास्तरांना छडीपलीकडचें शस्त्र कोणीं दिलें आहे? नातवानें टाळ्या पिटल्या, मींही पिटल्या.

रात्रीं मात्र झोंप येईना. आमचें घर कात्रजला, पेशव्यांनीं ज्याचें पाणी भुयारी नळांतून पुण्यांत नेलें त्या तळ्यापासून फार दूर नाहीं. वडील वारल्यावर कागदोपत्रीं माझें नांव लावून घेण्यासाठीं मीं एका कचेरींत सात हेलपाटे घातले. आठव्या खेपेस पाकीट नेलें. काम त्याच दुपारीं झालें; वर चहाही मिळाला. बोलपटांत घेणारे सारे दुष्ट आणि देणारे सारे गांजलेले. मी गांजलेला नव्हतों. मला घाई होती, इतकेंच.

नायक अखेर स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन होतो, हें मला मानवलें. पण ज्याला त्यानें टांगलें त्याचें म्हणणें कोणत्या न्यायासनापुढें ऐकलें गेलें? 1773 सालीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हां रामशास्त्री प्रभुणे यांनीं राघोबादादांची सत्ता असतांना, त्यांच्याच विरुद्ध चौकशी केली. शास्त्रीबुवांपाशीं दोर नव्हता, निवाडा होता.

आज आपल्याकडे लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे. त्याची रीत बोलपटाला मुळींच शोभणारी नाहीं. तक्रारदारानें पुढें यावयाचें. पंचांसमक्ष नोटांचे क्रमांक टिपून त्यांना फिनॉल्फ्थॅलीनची पांढरी पूड लावतात. मागितल्याशिवाय पैसे द्यावयाचे नाहींत, अशी ताकीद असते. घेणाऱ्यानें नोटा घेतल्या कीं त्याचे हात सोड्याच्या पाण्यांत बुडवितात. पाणी गुलाबी होतें. हीच पूड आणि हाच सोडा मीं सातवीच्या वर्गांत वर्षानुवर्षें मुलांना दाखविला! मुलें ‘जादू, जादू’ म्हणून ओरडत.

पण रंग आला म्हणजे खटला संपला असें नव्हे. लाच मागितली होती, हें शाबीत व्हावें लागतें. त्यासाठीं तक्रारदारानें कोर्टांत उभें राहावें, उलटतपासणी सोसावी, तारखांमागून तारखा पाहाव्या. कित्येक तक्रारदार तेथेंच साक्ष फिरवितात. मला त्यांचा राग येत नाहीं. मी तर पहिल्या पायरीवरही चढलों नाहीं. गब्बरची वाट पाहणें त्याहून पुष्कळच सोपें, कारण तो येतो तेव्हां आपल्याला साक्षीला बोलावीत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मीं नातवाला पाकिटाची गोष्ट सांगितली. तो कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे. 2018 च्या दुरुस्तीनें लाच देणें हाही स्वतंत्र गुन्हा झाला, आणि कोणीं सक्तीनें द्यावयास लावली तर सात दिवसांच्या आंत कळवावें लागतें, असें त्यानें मला समजावून दिलें. माझें प्रकरण त्यापूर्वींचें, असें मीं घाईघाईनें म्हणालों.

“तें असूं द्या, आजोबा,” तो म्हणाला, “पण सक्ती कोणीं केली होती?”

मीं चष्मा पुसूं लागलों.