लाखातला एक दाणा



मघाशी तुम्हा विद्यार्थ्यांच्या दोन प्रतिनिधींनी माझं स्वागत केलं तेव्हा पुष्पगुच्छाऐवजी भुईमुगाच्या शेंगांची पुडी हातात ठेवली. कॉलेजच्या मागच्या रानात तुम्हीच पेरलेला भुईमूग, असं कळलं. मला फार बरं वाटलं, कारण माझ्या नोकरीची पंचवीस वर्षं या शेंगेच्या पोटात काय दडलेलं असतं ते शोधण्यात गेली आहेत. आज दुसऱ्या कशावर बोलायचं नाही, हे पुडी हातात आली तेव्हाच ठरलं.

साताऱ्याकडच्या आमच्या गावाजवळ शेंगदाण्याचं एक गोदाम होतं. माझी आई तिथे रोजंदारीवर दाणे निवडायला जायची. दारातून उजेड येईल अशा बेताने बायका ओळीने बसायच्या, पुढ्यात सूप. अंगठ्याने दाणा सरकवायचा आणि नजरेने पारखायचा. सुरकुतलेला बाजूला, काळा डाग पडलेला बाजूला, फुटका बाजूला, मळकट दिसणारा बाजूला. आईचा हात इतका झरझर चालायचा की दाणा दिसायचा आणि नाहीसा व्हायचा. संध्याकाळी चांगला माल पोत्यांत भरून शिवला जायचा. बाजूला काढलेल्या दाण्यांचा ढीग तिथेच पडून राहायचा. तो बायकांना स्वस्तात मिळायचा. आई ओच्यात बांधून घरी आणायची. आमच्या आमटीत, चटणीत, कोरड्यासात त्यांचंच कूट असायचं. कधी एखादा कडू दाणा लागला तर आम्ही थुंकून टाकायचो आणि जेवत राहायचो.

त्या ढिगात काय होतं, हे मला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करताना समजलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

1960 साली इंग्लंडमध्ये टर्कीची पिल्लं पटापट मरू लागली. बघता बघता एक लाखाहून जास्त मेली. आधी वाटलं काही नवी साथ असावी, पण जंतू सापडेना, म्हणून रोगाला नुसतं ‘टर्की एक्स’ असं नाव पडलं. शेवटी माग लागला तो खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीचा. पेंड ब्राझीलहून आली होती आणि तिच्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढली होती. हिरवट-पिवळी दिसणारी ही बुरशी मातीत सगळीकडे असते, आपल्या रानातही असते. तिच्या नावातली अक्षरं घेऊन विषाचं नाव पडलं अफ्लाटॉक्सिन. अतिनील दिव्याखाली धरलं की त्याचे काही प्रकार निळे चमकतात, काही हिरवे. त्या रंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना बी आणि जी म्हणतात. सगळ्यांत जहाल तो बी-वन. त्याने यकृताचा कर्करोग होतो. ज्यांबाबत शंका उरलेली नाही अशा कर्करोगाच्या कारणांच्या पहिल्या गटात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला ठेवलं आहे. कावीळ ब झालेल्या माणसाला तर त्याचा धोका कितीतरी पटीने वाढतो.

पिल्लं मेली ती परदेशात. माणसं मेली ती आपल्याकडे. 1974 साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात मक्याची कणसं तयार होत असताना अवकाळी पाऊस झाला. मका भिजला, बुरशी धरली. तिथल्या आदिवासींच्या घरात खायला दुसरं धान्य नव्हतं. कणीस काळं पडलेलं त्यांना दिसत नव्हतं असं नाही, पण ते टाकून देऊन खायचं काय? दीडशेहून अधिक गावांत लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी भरलं. घरची भाकरी खाणारी कुत्रीही तशीच मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे शास्त्रज्ञ तिथे गेले, घराघरांतला मका तपासला आणि कारण सापडलं. नोंद झालेले रुग्ण 397, त्यांतले 106 दगावले. तिशी ओलांडल्यावर मी त्या शास्त्रज्ञांचा शोधनिबंध पुन्हा वाचला तेव्हा त्यातल्या आकड्यांपेक्षा कुत्र्यांचा उल्लेख मनात रुतला. माणसाच्या ताटातलं उरलंसुरलं तीही खात होती.

आता विज्ञान शाखेच्या मुलांसाठी थोडं गणित. बाकीच्यांनीही ऐका, अवघड नाही. आपण हे विष ‘पीपीबी’मध्ये मोजतो. एक पीपीबी म्हणजे शंभर कोटी भागांत एक भाग. शंभर कोटी सेकंद म्हणजे जवळजवळ बत्तीस वर्षं, त्यांतला एक सेकंद. भारतात थेट खायच्या दाण्यांना दहा पीपीबीची मर्यादा आहे, युरोपात चारची. पण हे विष मालात सारखं पसरलेलं नसतं. साखर पाण्यात विरघळते तसं ते पोत्यात विरघळत नाही. बहुतेक दाणे निर्मळ असतात आणि एखाद्याच दाण्यात ते ठासून भरलेलं असतं. एकेका दाण्यात दहा लाख पीपीबीहून जास्त अफ्लाटॉक्सिन सापडल्याची नोंद 1960 च्या दशकातच झाली आहे. म्हणजे दाण्याच्या वजनाचा हजारावा भाग विष. असा अर्ध्या ग्रॅमचा एक दाणा पन्नास किलोच्या पोत्यात असला, तर त्या एकट्यामुळे सगळं पोतं दहा पीपीबीच्या काठावर येतं. पोत्यात साधारण एक लाख दाणे असतात. लाखातला एक.

माझ्या हातून झालेली एक चूक तुम्हाला सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका मालाची तपासणी माझ्याकडे आली. पोत्यांची थप्पी उंच होती, मला घाई होती. वरच्या दोन-तीन पोत्यांत परखी खुपसली, मूठभर दाणे घेतले, दळले, तपासले. काहीच सापडलं नाही. मी तसा अहवाल दिला. महिन्याभराने तो माल परदेशातल्या बंदरातून परत आला. यंत्र चुकलं नव्हतं. यंत्राला जे दिलं ते त्याने बिनचूक मोजलं होतं, मीच त्याला चुकीची मूठ दिली होती. मोठ्या मालाचा नमुना घ्यायचा तर शंभर ठिकाणांहून थोडा थोडा घ्यावा लागतो आणि तो सगळा मिळून वीस किलो भरतो. तो पूर्ण दळायचा, नीट मिसळायचा आणि मग त्यातला चिमूटभर प्रयोगशाळेत न्यायचा. हे काम कंटाळवाणं आहे, अंगावर धूळ बसते, त्याबद्दल कुणी टाळ्या वाजवत नाही. पण अन्नातलं विष शोधण्याच्या विद्येचा सगळा भार या कामावर आहे.

पुढचं काम मात्र सुंदर आहे. दळलेल्या दाण्यात मिथेनॉल आणि पाणी घालून ढवळलं की विष त्यात उतरतं. ते द्रावण एका बारीक नळीतून सोडायचं. नळीत अफ्लाटॉक्सिनला नेमके ओळखणारे प्रतिपिंड बसवलेले असतात. ते बाकी सगळं जाऊ देतात आणि यालाच धरून ठेवतात. मग ते सोडवून घ्यायचं आणि त्याच्या चमकण्यावरून मोजायचं. ही महागडी यंत्रं गावोगाव पोहोचणार नाहीत, म्हणून हैदराबादजवळ पतनचेरूला असलेल्या इक्रिसॅट संस्थेने तशाच प्रतिपिंडांवर आधारलेली स्वस्त चाचणी तयार केली. हे काम आपल्या शेजारच्या राज्यात झालं आहे, ते जाऊन पाहा.

पुष्कळ जण मला विचारतात, भाजल्यावर जातं का? थोडं कमी होतं, संपत नाही. चवीवरून कळतं का? नाही. कडू लागलेला दाणा टाकाच, पण गोड लागला म्हणून तो निर्मळ आहे असं समजू नका.

आता परत आईच्या सुपाकडे येते. सुरकुतलेले, डागाळलेले, फुटके दाणे काढून टाकले की विषाचा मोठा भाग त्यांच्याबरोबर निघून जातो, हे कितीतरी देशांतल्या अभ्यासांत दिसून आलं आहे. आज रंग पाहून दाणा उडवणारी यंत्रं आली आहेत. तत्त्व मात्र त्या दारातल्या उजेडाचंच. माझ्या आईला अफ्लाटॉक्सिन हा शब्द माहीत नव्हता आणि तरी विष कमी करण्याची सगळ्यांत परिणामकारक पद्धत तिच्या अंगठ्यात होती. फक्त, जे तिने शहरातल्या आणि परदेशातल्या ताटांतून काढलं, ते आमच्या ताटात आलं.

या एका गोष्टीसाठी मी आज इथे उभी आहे, असं समजा. माल तपासून नापास झाला की बातमी तिथे संपते. नापास झालेला माल मात्र संपत नाही, तो कुठेतरी जातोच. स्वस्त कुटात जातो, नाहीतर तेलाच्या घाण्यात जातो. रिफाइंड तेलातून हे विष बहुतेक निघून जातं, पण पेंडीत ते साचून राहतं. ती पेंड, किंवा तशीच बुरशी लागलेली सरकी पेंड, गाई-म्हशी खातात. त्यांच्या यकृतात बी-वनचं रूप बदलतं आणि एम-वन होऊन दुधात उतरतं. दूध उकळलं तरी ते जात नाही. 2018 साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने देशभरातून दुधाचे 6,432 नमुने तपासले. आपण ज्या भेसळीच्या धास्तीने दुधाकडे बघतो, तशी घातक भेसळ 12 नमुन्यांत निघाली. अफ्लाटॉक्सिन एम-वन मर्यादेबाहेर निघालं ते 368 नमुन्यांत. भेसळीत कुणीतरी गुन्हेगार असतो, त्याला पकडता येतं. इथे पकडणार कुणाला? पावसाला, की घाईने भरलेल्या ओल्या पोत्याला?

म्हणून मला सगळ्यांत जास्त आशा वाटते ती असा ढीग तयारच होऊ न देणाऱ्या कामातून. त्यातलं बरंचसं तुमच्या रानात होऊ शकतं. दाणे भरण्याच्या काळात पिकाला पाण्याचा ताण पडला की बुरशी जमिनीतच शेंगेत शिरते, तेव्हा शेवटचं एखादं पाणी मिळालं तर फरक पडतो. वेल उपटले की शेंगा मातीला टेकवून ठेवू नका. वेल उलटे ठेवा, शेंगांना वारं लागू द्या. आणि फोडायच्या आधी शेंगांवर पाणी शिंपडू नका. दाणे फुटू नयेत म्हणून पुष्कळ ठिकाणी ते शिंपडतात, आमच्या गावातही शिंपडत. वाळवण्याचे सगळे कष्ट त्या एका तांब्याने वाया जातात.

आणखी एक काम मला अतिशय मोलाचं वाटतं. ॲस्परजिलस फ्लेव्हसच्या सगळ्याच जाती विष करत नाहीत. अमेरिकेत पीटर कॉटी या शास्त्रज्ञांनी विष न करणारी जात शेतात सोडून पाहिली. ती आधी जागा धरते आणि विषारी जातीला वाव उरत नाही. हीच युक्ती नायजेरियात इबादानला रणजित बंद्योपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेच्या मातीतल्या बुरशी निवडून पुढे नेली. हे बंद्योपाध्याय आधी आपल्या पतनचेरूलाच काम करत होते. बुरशी शेतात पोहोचवायची कशी? ज्वारीच्या दाण्यांवरून. उगवणार नाही अशी ज्वारी, तिच्यावर ही बुरशी, एकरी चार किलो, फुलोऱ्याच्या दोन-तीन आठवडे आधी फेकायची. मका आणि भुईमुगातलं विष 80 टक्क्यांहून अधिक कमी झाल्याचे निष्कर्ष तिथून आले. ज्या ज्वारीवर आपल्या पिढ्या पोसल्या, तिच्या पाठीवर बसून ही गोष्ट शेतात जाते, याचा मला फार आनंद होतो. आपल्या मातीतल्या बिनविषारी जाती शोधण्याचं काम पुष्कळ बाकी आहे. इथल्या वनस्पतिशास्त्राच्या आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलांनी आपल्याच रानातली ओंजळभर माती घेऊन सुरुवात करावी, हे मी मनापासून सांगते. पुढच्या मार्गदर्शनासाठी माझा पत्ता प्राचार्यांकडे देऊन ठेवला आहे.

आई आता नाही. यकृताच्या आजाराने गेली. त्याचं कारण तो ढीगच होता, असं मी वैज्ञानिक म्हणून सांगू शकत नाही आणि सांगणार नाही. पण मी कुठल्याही मालाचा अहवाल लिहिते तेव्हा खाली एक ओळ हाताने लिहून विचारते, की नाकारलेला माल कुठे जाणार आहे. ती ओळ कुठल्याही नमुन्याच्या छापील कागदावर नाही. बहुतेक वेळा उत्तर येत नाही. मी पुन्हा विचारते.

आता बक्षिसं घ्यायला मुलं ताटकळली आहेत, त्यांना जास्त थांबवत नाही. समारंभ संपल्यावर रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत या. तुमच्या मॅडमनी खिडक्यांना काळा कागद लावून ठेवला आहे. मी एक अतिनील दिवा आणि बंद पेटीत एक काचेची पट्टी आणली आहे. पेटी उघडायची नाही, हात लावायचा नाही, फक्त बघायचं. पट्टीवर दोन ठिपके आहेत. एक निवडलेल्या दाण्यांचा आणि दुसरा त्याच पोत्यातून काढून टाकलेल्यांचा. उजेडात दोन्ही सारखेच दिसतील. मग आपण दिवे घालवू.