पोराचें मन शाळेंत कसें रमेल?

(एका प्राथमिक शिक्षकानें गांवच्या पालक-सभेंत केलेलें भाषण)



आम्ही कांहीं वक्ते नव्हे. खडू-फळ्यापाशीं वीस वर्षें काढलेला आम्ही एक साधा खेड्यांतला मास्तर. तेव्हां भाषेचा डौल आमच्याकडून अपेक्षूं नये. जें रोज डोळ्यांनीं पाहतों तेंच सांगणार आहों.

आपली तक्रार आमच्या कानीं येते. ‘मास्तर, पोरगं शाळेंत जातं, पण त्याचं चित्त तिथं नसतं. घरीं आलं कीं मोबाईल घेऊन कोपऱ्यांत बसतं.’ आमचीही आपल्याविषयीं तक्रार असते. सुगी आली कीं मूल शेतावर, लग्नसराई आली कीं मूल मांडवांत, ऊसतोडीला बिऱ्हाड निघालें कीं मूल बैलगाडींत! आपण आम्हांला बोल लावावा आणि आम्हीं आपणांला, यांत पोराचें मात्र वर्ष बुडतें. म्हणून आज दुसऱ्याचें उणें काढण्याआधीं आम्ही स्वतःचें उणें सांगतों.

मुलाला शाळेंत आणण्याचा कायदा कांहीं कालचा नाहीं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेलींत सक्तीचें शिक्षण सुरू केलें आणि १९०६ सालीं तें सगळ्या संस्थानाला लागू केलें. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मूल न पाठविणाऱ्या बापाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळीं रुपया म्हणजे लहान रक्कम नव्हती! पुढें स्वराज्यांत २००९ चा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा शिक्षण हा हक्क ठरला. दुपारचें जेवण आलें, पुस्तकें आलीं, गणवेश आला. हें सर्व थोर उपकाराचें काम आहे. पण मंडळी, कायद्यानें मुलाचे पाय शाळेंत येतात, मन येत नाहीं. मन आणण्याचें काम मास्तराचें आणि गांवाचें आहे. तें आम्हांला कसें उमगलें तें ऐका.

२०२० च्या मार्चांत साथीमुळें शाळा बंद झाल्या. पुन्हा उघडल्या तेव्हां कित्येक मुलांची बसण्याची संवयच मोडली होती. त्यांतच एका लोहाराच्या घरचा मुलगा होता. सातवींत होता. आठवड्यांतून दोन दिवस यायचा आणि आला तरी खिडकीबाहेर बघायचा. एक दिवस आम्हीं वर्गांत विचारलें, ‘धातू तापविला असतां काय होतें?’ पोरगा उभा राहिला, खालीं मान घातली, बोलेना. आम्ही रागानें बोललों कीं, ‘लोहाराच्या पोटीं येऊन एवढेंही ठाऊक नाहीं काय?’ वर्ग हंसला. दुसऱ्या दिवसापासून तो यायचा बंद झाला.

पंधरा दिवसांनीं आम्ही त्याच्या घरीं गेलों. मनांत होतें कीं बापाला चार शब्द सुनवावे. तेथें जत्रेच्या जुन्या गाड्याच्या चाकाला धाव बसविण्याचें काम चाललें होतें. बाप गोवऱ्यांचा जाळ सारखा करीत होता आणि पोरगा दोर घेऊन चाकाचा घेर मोजीत होता. आम्हीं पाहिलें कीं, लोखंडी पट्टी चाकाच्या घेरापेक्षां आंखूडच घेतली होती. आम्हीं विचारलें, ‘अरे, आंखूड कां?’ पोरगा चटकन् म्हणाला, ‘गुरुजी, तापली कीं ती वाढती. वाढल्यावर चाकावर चढवायची नि पाणी मारायचं. मग ती आकसती नि लाकूड घट्ट आवळून धरती. बरोबर मापाची घेतली तर दोन दिवसांत निसटंल.’

मंडळी, आम्हांला धरणीनें पोटांत घ्यावें असें झालें. जो प्रश्न आम्हीं पुस्तकाच्या भाषेंत विचारला त्याचें उत्तर त्या पोराच्या हातांत होतें. आमच्या प्रश्नांतील ‘धातू’ म्हणजे आपल्या घरचें लोखंड, हें त्याला कोणीं सांगितलेंच नव्हतें. ढ तो नव्हता, ढ आम्ही होतों. आम्हीं त्याच्या बापासमोर त्याची माफी मागितली आणि बापाला विनंति केली कीं, ‘एक दिवस शाळेंत येऊन हें सगळ्या पोरांना सांगा.’ बाप म्हणाला, ‘मी अंगठेबहाद्दर, मी काय शिकवूं?’ तरी पण आला.

तो दिवस आम्ही विसरणार नाहीं. बापानें चाक पुढें ठेवलें आणि काम सांगितलें. आम्हीं फळ्यावर हिशेब मांडला. चाकाचा व्यास ४ फूट, तर बावीस सप्तमांशांनीं गुणून घेर सुमारें साडेबारा फूट. एवढ्या लांबीच्या लोखंडी पट्टीला पांचशें अंशांची उष्णता चढली तर ती सुमारें एक इंच वाढते. लोहारानें हिशेब ऐकला आणि हंसून म्हणाला, ‘माझा बाप बोटाच्या दोन पेरांनीं सांगायचा, तुम्ही फळ्यावर सांगता. गोष्ट एकच.’ तो मुलगा त्या दिवशीं पहिल्या बांकावर बसला होता.

आतां आमच्या लाजेची दुसरी गोष्ट सांगतों. हें शहाणपण आम्हांला नवें नव्हतें. आम्ही ट्रेनिंग कॉलेजांत होतों तेव्हां, महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन केलें तें वाचलें होतें. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचें करावें. खेड्यांतील मुलांना वाचन, लेखन व हिशेबाबरोबर शेतकीचें आणि आरोग्याचें ज्ञान द्यावें. शिक्षक शेतकरी वर्गांतून घ्यावे आणि प्रसंग पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरावयाला त्यांना लाज वाटूं नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आम्हीं तें परीक्षेपुरतें पाठ केलें, मार्क मिळविले आणि विसरलों. तें कळावयाला लोहाराच्या पोराकडे जावें लागलें!

त्यानंतर आम्हीं शाळेंत काय केलें तें थोडक्यांत सांगतों. ३३ फुटांचा दोर घेतला आणि पोरांना मैदान मोजावयास सांगितलें. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. ज्या पोरांना क्षेत्रफळाचें सूत्र तीन महिन्यांत येत नव्हतें, तीं संध्याकाळीं घरचें रान मोजूं लागलीं. गवंड्याला बोलाविलें. पाया आंखतांना तीन, चार आणि पांच हातांच्या दोरानें काटकोन कसा साधतो, तें त्यानें दाखविलें. एका आजीबाईंनीं बियाणें कसें निवडावें, राखेंत कसें ठेवावें, तें सांगितलें आणि मुलींनीं तें वहींत उतरून घेतलें. शाळेच्या परसांत भाजी लावली. पावसाचें पाणी रोज मापून भिंतीवर लिहिण्याचें काम पांचवीच्या मुलांकडे दिलें. हजेरीसाठीं आतां घरोघर हांका मारीत फिरावें लागत नाहीं.

येथें कोणी सुज्ञ माणूस म्हणेल कीं, ‘मास्तर, धंद्यांतच जर इतकी विद्या आहे तर पोरगं घरींच काय वाईट?’ हा प्रश्न मोलाचा आहे. त्याचें उत्तर नीट ध्यानांत घ्यावें. लोहाराचा धंदा आम्हीं शाळेंत आणला तो लोहाराच्या पोराला लोहार करण्यासाठीं नव्हे. तो आणला कीं कुणब्याच्या, चांभाराच्या, धनगराच्या पोराला, आणि पोरींनाही, त्यांतली विद्या कळावी. आणि लोहाराच्या पोराला त्याच वाटेनें पुढचें गणित, पुढचें शास्त्र कळावें. उद्यां त्याला इंजिनियर व्हावेंसें वाटो, मास्तर व्हावेंसें वाटो, कीं भाताच चालवावासा वाटो. निवड त्याची असावी.

ही भीति कल्पनेंतली नव्हे. मद्रास राज्यांत १९५३ सालीं अशी एक योजना आली होती कीं, खेड्यांतील मुलांनीं अर्धा वेळ शाळेंत बसावें आणि उरलेला वेळ बापाचा धंदा शिकावा. लोक खवळून उठले. ते म्हणाले, हें तर जातीचें जोखड पुन्हा पोरांच्या मानेवर ठेवणें आहे. १९५४ सालीं ती योजना मागें घ्यावी लागली. तेव्हां फरक ओळखा. गांवचें काम शाळेंत आलें तर विद्या वाढते. शाळेचा वेळ कामांत गेला तर मूल बांधलें जातें. आणि तापल्या लोखंडाजवळ पोराला कामाला लावूं नये, हेंही सांगून ठेवतों. पाहूं द्यावें, विचारूं द्यावें, मोजूं द्यावें. पण दूर उभें करून.

आतां संध्याकाळची गोष्ट. पोरगं मोबाईल घेऊन बसतें तें मोबाईलच्या प्रेमानें कमी आणि दुसरें कांहीं नाहीं म्हणून जास्त. आपल्या लहानपणीं तालीम होती, लेझीम होतें, खो-खो होता, भजनाची पेटी होती. आज तालमीच्या दाराला कुलूप आहे. तें काढा. लेझमीला कांहीं फार खर्च येत नाहीं. आणि मुलींना अंगणापर्यंतच धाडूं नका. लेझमीच्या रांगेंत त्यांनाही उभें करा.

पण नुसता खेळ देऊन भागत नाहीं, जबाबदारी द्यावी लागते. बालवीरांच्या चळवळींत सहा-आठ मुलांची एक टोळी करितात आणि त्यांच्यांतलाच एक नायक नेमतात. त्यांतली खरी जादू तीच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ सालीं साताऱ्यास बोर्डिंग सुरू केलें. तेथें नाना जातींचीं मुलें एका पंक्तीला जेवत आणि वसतिगृहाचीं कामें स्वतः करीत. तीं पोरें आश्रित म्हणून राहिलीं नाहींत, घरचे धनी म्हणून राहिलीं, म्हणून टिकलीं.

आम्हींही शाळेची पुस्तकांची पेटी मुलांच्या हवालीं केली. किल्ली सातवींतल्या एका मुलीकडे आहे. दर शनिवारीं ती चावडीसमोर पेटी उघडते, नांव लिहून पुस्तक देते, परत घेते. वर्षांत दोन पुस्तकें हरवलीं. एक एका आजोबांच्या उशाखालीं सांपडलें. नातू त्यांना रोज वाचून दाखवीत होता. दुसरें अजून सांपडलें नाहीं. आम्हीं मुलीला कांहीं बोललों नाहीं. तिनेंच पुस्तक नेणाऱ्या घरीं चार खेपा घातल्या. मंडळी, ही मुलगी दोन वर्षांपूर्वीं धाकट्या भावाला सांभाळावयाचा म्हणून घरीं राहत असे!

लेकरांना आपलें म्हणणें मांडूं दिलें तर तीं काय करूं शकतात, हें आपल्या महाराष्ट्रानें कधींच पाहिलें आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता नांवाच्या मांग समाजांतील मुलीचा निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदया’ंत छापून आला. तिनें आपल्या लोकांचें दुःख आपल्या शब्दांत लिहिलें, म्हणून तो आजही वाचला जातो. पाठ केलेलें लिहिलें असतें तर कोण वाचता?

तेव्हां आमचें आपल्याजवळ चार गोष्टींचें मागणें आहे. पहिलें, आपल्यांतील प्रत्येक कारागिरानें आणि शेतकऱ्यानें वर्षांतून एक दिवस शाळेला द्यावा. दुसरें, रात्रीं जेवतांना पोराला ‘आज काय शिकलास’ एवढेंच विचारूं नका, ‘आज काय विचारलंस’ असें विचारा. तिसरें, ऊसतोडीला जातांना मूल मागें ठेवा. घरीं कोणी नसेल तर हंगामी वसतिगृहासाठीं आम्ही अर्ज लिहून देऊं, पण निघण्याच्या आदल्या रात्रीं येऊं नका, महिनाभर आधीं या. चौथें, शाळा व्यवस्थापन समितींत कायद्यानें तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत आणि निम्म्या जागा बायांच्या. सह्या करण्यापुरतें येऊं नका. आम्हांला प्रश्न विचारा. आम्ही चुकलों तर लोहाराच्या घरीं जशी चूक कबूल केली तशी येथेंही करूं.

तो मुलगा आतां हायस्कुलांत आहे. पुढें काय होईल तें आम्ही सांगूं शकत नाहीं आणि तोही अजून सांगत नाहीं. पण रोज शाळेंत जातो, आणि सुटीच्या दिवशीं आमच्या शाळेंत येऊन लहान पोरांना दोरानें मैदान मोजावयास शिकवितो. परवां एका पोरानें त्याला विचारलें, ‘दादा, दोर भिजला तर आंखूड होतो का?’ तो म्हणाला, ‘बघूं या,’ आणि बादली आणावयास गेला.

आमचें बोलणें येथें संपवितों. उद्यां शनिवार आहे. पुस्तकांची पेटी चावडीसमोर उघडेल. आपलीं लेंकरें घेऊन या, आणि स्वतःही एक पुस्तक घेऊन जा.