केरबा, कुप्पुस्वामी आणि अंतिम

आज नावांबद्दल बोलायचं आहे. पण बारशाच्या वेळी पुस्तकात शोधतो त्या गोड नावांबद्दल नाही. मुद्दाम वाईट ठेवलेल्या नावांबद्दल.

ही नावं मला फौजेत भेटली. माझ्या युनिटमध्ये सगळ्या प्रांतांचे जवान होते. नॉमिनल रोल समोर आला की त्यात कोल्हापूरकडचा केरबा असायचा, तमिळ कुप्पुस्वामी असायचा, तेलंगणाचा पेंटय्या असायचा. एकदा आमच्या तमिळ सुभेदारसाहेबांनी चहा पिता पिता सांगितलं, "सर, कुप्पै म्हणजे कचरा." तेलुगूत पेंटा म्हणजे उकिरडा. आणि केरबातला केर तर आपल्या घरचाच. तीन भाषा, तीन मुलुख, एकमेकांशी ओळख नाही, आणि तिघांच्या आईबापांनी मुलाचं नाव एकच ठेवलेलं!

कारणही एकच. आधीची मुलं दगावलेली असायची. देवी, पटकी, धनुर्वात; घरात पाळणा हलायचा आणि थांबायचा. मग पुढचं मूल झालं की त्याला केरात लोळवायचं, उकिरड्यावर ठेवून उचलायचं आणि नावही तसंच द्यायचं. टाकाऊ वस्तूवर कोणाची दृष्ट पडणार? आपल्याकडचे दगडू, कचरू, भिकू याच जातकुळीतले. पुण्याच्या दगडूशेठ हलवाईंचं नाव घेताना आपल्याला दगड आठवतसुद्धा नाही. (धोंडू मात्र जरा वेगळा. काही घरांत तो धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे अधिक मासात, जन्मला म्हणूनही धोंडू होतो.) गुजरातीत भिखाभाई आणि कचराभाई आहेत. तमिळ पिच्चै म्हणजे भिक्षा; गूगलचे सुंदर पिचाई यांच्या नावात तोच शब्द आहे. पंजाबात घसीटा, म्हणजे जन्मल्याबरोबर जमिनीवरून घासत ओढलेला.

बंगाल्यांनी तर यात व्यवहार आणला. मूल जन्मलं की ते सुईणीला किंवा शेजारणीला देऊन टाकायचं आणि तीन, पाच, सात कवड्या मोजून परत विकत घ्यायचं. त्यातून तिनकोडी, पाँचकोडी, सातकोडी ही नावं आली. मूल आता कागदोपत्री, म्हणजे कवडीपत्री म्हणा, दुसऱ्याचं. मग काळाने ते कोणाच्या घरून न्यायचं?

आणि उत्तरेतला नथू. मुलाचं नाक टोचून त्यात नथ घालायची, म्हणजे काळाला ती मुलगी वाटेल आणि तो पुढे जाईल. इथे मला थांबावंसं वाटतं. मुलगी वाटली तर काळ वळूनही बघणार नाही, हे या युक्तीत सगळ्यांनी गृहीतच धरलेलं आहे.

कारण मुलींच्या नावांची यादी काढली की वेगळाच प्रकार दिसतो. आपल्याकडे नकुसा, नकुशी. तमिळमध्ये वेंडाम, म्हणजे नको. हरियाणात भतेरी, म्हणजे पुष्कळ झाल्या. राजस्थानात धापू, म्हणजे पोट भरलं. बंगालीत आन्नाकाली, म्हणजे 'आर ना, काली', कालीमाते, आता पुरे. इथेही प्रांत वेगळे आणि नाव एकच. पण केरबाच्या आईला त्याला केर म्हणायचं नव्हतं. ती देवाशी खोटं बोलत होती. नकुशीच्या घरचे खरं बोलत होते.

माझ्याकडे एका जवानाच्या कुटुंबाच्या नोंदी सहीला आल्या होत्या. मुलीचं नाव नकुसा. मी विचारलं, तर म्हणाला, "साहेब, आजीनं ठेवलं. आम्ही घरात पिंकीच म्हणतो." तो वाईट बाप नव्हता, रजेवरून आला की पोरीनं काढलेली चित्रं सगळ्यांना दाखवायचा. पण शाळेत हजेरीला रोज पुकारलं जायचं ते नकुसाच.

२०११ मध्ये सातारा जिल्ह्यात एक समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावं दिली गेली. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी वैशाली. दुसरीकडे हरियाणातल्या भगाना गावची अंतिम पंघाल. चौथी मुलगी, आता ही शेवटची असू दे म्हणून अंतिम. तिने नाव बदललं नाही. २०२२ मध्ये वीस वर्षांखालील जागतिक कुस्ती स्पर्धेत सोनं जिंकणारी ती पहिली भारतीय मुलगी ठरली आणि २०२३ मध्ये तिने ते पुन्हा जिंकलं. लोक म्हणतात, बघा, नावात काय आहे! मला हे पटत नाही. जागतिक विजेती झाल्यावर नावाचा अर्थ पुसला जात असेल, तर बाकीच्या अंतिम, भतेरी आणि नकुशींनी काय करायचं?

तुमच्या माहितीत अशी कोणी असेल आणि तिला नाव बदलायचं असेल, तर ते होतं. प्रतिज्ञापत्र करायचं, राज्याच्या राजपत्रात जुनं आणि नवं नाव छापून आणायचं. मग शाळा, आधार, बँक. वडील फौजेत असतील तर युनिटमधून पार्ट टू ऑर्डर. खेपा घालाव्या लागतात. दहावीचा फॉर्म भरण्याआधी केलं तर पुष्कळ सोपं जातं.