रक्तातली खूण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या वर्षी एका कविसंमेलनात माझ्याच कवितेची तिसरी ओळ मला आठवेना. लोक हसले, मीही हसलो. पण घरी परतताना पोटात गोळा आला होता. माझी अम्मा अशीच विसरत गेली होती. पाच वक्तांची नमाजी बाई, पण नमाज पढून उठली की दहा मिनिटांनी विचारायची, "जोहर झाली का रे?" आम्ही म्हणायचो, वय झालं. पुढे ती मला मामांच्या नावानं हाक मारू लागली, तेव्हा कुठे डॉक्टर गाठला. निदान झालं, अल्झायमर.

संमेलनानंतर दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टर मित्राकडे गेलो. म्हटलं, "आता म्हणे हा आजार रक्तातून कळतो. माझं रक्त तपास." तो म्हणाला, "आधी बस." मग त्यानं मला सगळं समजावलं.

अलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांच्या एका रुग्ण बाईंना पतीचं नाव विचारलं, की त्या स्वतःचंच नाव सांगत. 1906 साली त्या वारल्या. त्यांच्या मेंदूत डॉक्टरांना दोन गोष्टी दिसल्या: पेशींबाहेर साचलेले पुंजके आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे. पुंजके अमायलॉइड या प्रथिनाचे, धागे टाऊ या प्रथिनाचे. पुढे कितीतरी वर्षं या आजाराची पक्की खात्री मृत्यूनंतरच होई.

मग शास्त्रज्ञ पाठीच्या मणक्यातल्या पाण्याकडे वळले. हेच पाणी मेंदूभोवतीही खेळत असतं. गंमत अशी, की आजारात या पाण्यातलं अमायलॉइड वाढत नाही, कमी होतं. गाळ धरणातच अडला की खाली नदीत कमी येतो, तसं. टाऊ मात्र वाढतं. पण मणक्यात सुई म्हटलं की माणूस घाबरतो. रक्तात ही प्रथिनं इतकी कमी, की मोजमाप ग्रॅमच्या अब्जांशाच्याही हजाराव्या भागात करावं लागतं. आता तेही जमलंय. टाऊ-217 नावाचा त्याचा एक प्रकार आणि अमायलॉइड यांचं प्रमाण पाहणाऱ्या रक्तचाचणीला मे 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मान्यता दिली. तीही लक्षणं असलेल्या, तज्ज्ञांकडे आलेल्या रुग्णांसाठीच.

"मग माझी कर की!" मी म्हटलं.

"अरे, पुंजके लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून साचू लागतात. ते असूनही कित्येक जण शेवटपर्यंत शहाणे राहतात. मूत्रपिंडाचा विकार असला तरी आकडा वाढतो. न्यूरोफिलामेंट नावाचं आणखी एक प्रथिन रक्तात वाढलं, की मेंदूतल्या तारा झिजताहेत एवढं कळतं. कोणत्या आजारानं, ते नाही. नुसत्या आकड्यावर निदान होत नसतं."

त्यानं माझं बी-12 आणि थायरॉईड तपासलं. बी-12 फारच कमी निघालं. मधुमेहावरच्या माझ्या मेटफॉर्मिननंही ते घटू शकतं. इंजेक्शनं झाली, त्या ओळीही परत आल्या.

पण मला राहून राहून अम्मा आठवते. तेव्हा अशी चाचणी असती तर ती बरी झाली नसती. आज सुरुवातीच्या टप्प्यात अमायलॉइड काढून टाकणारी औषधं निघाली आहेत; तीही आजार थोडा मंदावतात, थांबवत नाहीत. पण आम्हाला वेळेवर कळलं असतं, की हा हट्ट नाही, आजार आहे. एकदा, "किती वेळा सांगू?" म्हणून मी तिच्यावर ओरडलो होतो. ती गप्प बसली, आणि दहा मिनिटांनी तिनं पुन्हा तेच विचारलं. माझं ओरडणं ती विसरली होती. मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून सांगतो, घरात कुणी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागलं, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांकडे न्या. आणि तोवर, पुन्हा एकदा उत्तर द्या.