लस, अपाय आणि भरपाईचा हक्क



लस घ्यावी की नाही, हा आजचा विषय नाही. लस घ्यावीच. देवीचा रोग लसीनेच जगातून हद्दपार केला. परंतु समाजाच्या रक्षणासाठी घेतलेल्या लसीने एखाद्यालाच अपाय झाला, तर त्याचा भार त्याने एकट्याने सोसावा काय?

३१ जानेवारी २०२१ रोजी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात, पोलिओ डोसाऐवजी बारा बालकांना सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने मुले बचावली. तेथे चूक उघड होती. पण योग्य लस योग्य रीतीने देऊनही अपाय झाला, तर दोष कोणावर सिद्ध करणार? इंग्लंडने १९७९ साली व अमेरिकेने १९८६ साली कायदा करून, कोणाचीही चूक सिद्ध न करता ठरावीक अटींवर भरपाईची सोय केली. आपल्याकडे कोविड लसीकरणानंतर मुली गमावलेले पालक सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने उत्तर दिले की, भरपाईसाठी दिवाणी न्यायालयात जावे.

गरिबाची अडचण येथेच आहे. जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, ती सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल आहे. म्हणून सरकारी केंद्रातील मोफत लसीसाठी ग्राहक आयोगाचा मार्ग खुला नाही. उरतो दिवाणी दावा किंवा नागपूर खंडपीठात रिट अर्ज. भामरागडच्या किंवा जिवतीच्या मजुराने वकील कोठून आणावा?

त्यासाठी १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया व बालके यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज तालुका समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयात करावा.

मी बँकेत कारकून आहे. कागदाशिवाय व्यवहार शाबीत होत नाही, हे रोज पाहतो. लसीकरण कार्ड जपा. तारीख व बॅच नंबर लिहून घ्या. त्रास झाल्यास आरोग्य केंद्रात लेखी कळवा व पोच घ्या. दवाखान्याचे कागद फेकू नका. दुर्दैवाने मृत्यू झाल्यास, मन घट्ट करून शवविच्छेदनाला संमती द्या. त्यावाचून कारण कळत नाही.

विद्यार्थी मित्रहो, गावातल्या अडाणी माणसाचा अर्ज तुम्ही लिहून द्या. शिक्षणाचा उपयोग तो हाच.

जयभीम!